गावच्या ग्रुपवर आलेली नोकरीची जाहिरात: अर्ज भरण्याआधी तुम्ही काय तपासता?

सड्यावरची | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. लिहू की नको, असं बरेच दिवस मनात चाललं होतं. शेवटी भावालाच विचारलं. तो म्हणाला, लिही, फक्त माझं नाव घालू नको.

आम्ही राजापूर तालुक्यातले. भाऊ बावीस वर्षांचा, आयटीआय इलेक्ट्रिशियन. दोन पावसाळे घरीच गेले. हंगामात कलमांच्या बागेत मजुरी, पेट्या भरणं, एरवी कोणाच्या घरी वायरिंगचं किरकोळ काम. शिमग्यानंतर आमच्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात आली. मोपा आणि चिपी विमानतळावर ग्राउंड स्टाफ पाहिजे, शिक्षण दहावी-बारावी, पगार २८,०००, राहणं-जेवण कंपनीचं. वर एका मोठ्या विमान कंपनीचं चिन्ह. टाकणारे आमचे मुंबईतले काका. त्यांना ती त्यांच्या मंडळाच्या ग्रुपवरून आली होती. पोरांचं भलं व्हावं एवढाच त्यांचा हेतू, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

भावाने फोन केला. बाई गोड बोलली, मराठीतच बोलली. व्हिडिओवर दहा मिनिटं मुलाखत झाली आणि दुसऱ्या दिवशी निवडीचं पत्र आलं. मग एकेक सुरू झालं. नोंदणीचे ९५०. मेडिकलचे ४,५००. गणवेश आणि ओळखपत्राचे ८,२००. शेवटी 'पहिल्या पगाराबरोबर परत मिळणारी अनामत' म्हणून १८,०००. सगळे मिळून ३१,६५० रुपये गेले. त्यातले अठरा हजार आईने सोसायटीतून काढले होते.

जॉइनिंगच्या दिवशी तो सकाळची एसटी धरून मोपाला गेला. गेटवरच्या जवानाने पत्र बघितलं आणि म्हणाला, बाळा, या महिन्यात असं पत्र घेऊन आलेला तू पहिला नाहीस.

त्यानंतर नऊ दिवस तो घरात काहीच बोलला नाही. जॉइनिंग पुढे गेलंय, एवढंच सांगायचा. हे नऊ दिवस मला पैशांपेक्षा जास्त लागलेत.

मला इथे दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, खरी जाहिरात आणि खोटी जाहिरात तुम्ही कशी ओळखता? दुसरी, गावच्या ग्रुपवर 'आपल्याच माणसाने' टाकलेली जाहिरात कोणी तपासतं का? आमच्याकडे कोणीच तपासली नाही. ग्रुपवर चौऱ्याऐंशी माणसं आहेत. सोळा जणांनी हात जोडले, तिघांनी ती पुढे पाठवली.

---

खाडीपल्याड | सोमवार, रात्री १०:१५

ताई, बाकीचं उद्या बोलू. आधी सांगा, सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या १९३० या नंबरला फोन केलात का? केला नसेल तर आत्ता करा, रात्रीही लागतो.

---

सड्यावरची | सोमवार, रात्री १०:२२

केला, पण दहाव्या दिवशी. पोलीस ठाण्यातही तक्रार दिली, तिथे नीट ऐकून घेतलं. शेवटच्या अठरा हजारांतले ६,२०० कुठल्याशा खात्यात अडकवलेत म्हणे. बाकीचे पुढे गेले.

---

खाडीपल्याड | मंगळवार, सकाळी ७:०५

मी एकतीस वर्षं बँकेत होतो, आता निवृत्त. नऊ दिवसांत काय होतं ते सांगतो, म्हणजे पुढच्या पोराच्या कामी येईल.

तुम्ही पैसे पाठवता ते खातं ठकाचं स्वतःचं नसतंच. कुठल्या तरी गरीब माणसाचं, विद्यार्थ्याचं, भाड्याने घेतलेलं खातं असतं. तिथून रक्कम चार तुकड्यांत चार खात्यांत जाते, तिथून आणखी पुढे, आणि कुठे तरी एटीएममधून निघते. हे काम मिनिटांचं, फार तर तासांचं. १९३० ला तक्रार गेली की ती बँकांच्या साखळीत फिरते आणि जिथे रक्कम सापडेल तिथे ती रोखली जाते. रोखलेली रक्कम पुढे न्यायालयाच्या आदेशाने परत मिळू शकते. पण रोखायला ती खात्यात शिल्लक असायला हवी ना? म्हणून पहिला तास, पहिला दिवस मोलाचा.

फोन करताना हाताशी काय हवं? तारीख, वेळ, रक्कम, कोणत्या खात्यावर किंवा कोणत्या यूपीआय आयडीवर पाठवली ते, आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक. तो ॲपमध्ये व्यवहाराच्या तपशिलात असतो. चॅट पुसू नका. पोरं घाबरून आधी तेच करतात. स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा.

आणखी एक. महिन्या-दोन महिन्यांनी कोणी तरी फोन करेल, 'तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, फाईलचे तीन हजार भरा.' हा त्याच टोळीचा दुसरा फेरा असतो. फसलेल्यांच्या याद्या त्यांच्याकडे असतात.

---

कातळफूल | मंगळवार, सकाळी ८:३०

वाईट वाटू देऊ नका, पण आयटीआय झालेला मुलगा, हातात स्मार्टफोन, आणि तरी चार वेळा पैसे भरतो? आपल्या पोरांना कष्ट नको झालेत. बसल्या जागी अठ्ठावीस हजार दिसले की भान सुटतं.

---

सड्यावरची | मंगळवार, सकाळी ९:१०

कातळफूल, तो मे महिन्याच्या उन्हात बागेत पेट्या वाहतो. कष्टाचं म्हणाल तर ते मला पटणार नाही. त्याला घराबाहेर पडून नोकरी करायची होती, म्हणून तो फसला.

---

वाशिष्ठी | मंगळवार, सकाळी ११:५०

मी चिपळूणला ई-सेवा केंद्र चालवते. रोज वीस-पंचवीस मुलांचे फॉर्म माझ्या हातून जातात. कातळफूल, तुम्ही म्हणता ते मला या टेबलावर दिसत नाही. फसलेल्यांत पदवीधर आहेत, नर्सिंग झालेल्या मुली आहेत, एका शाळेचे निवृत्त शिपाई आहेत, ते मुलासाठी फसले. सगळे गरजू.

पोस्टाचं उदाहरण देते, कारण ते आपल्याकडे घरोघरी आहे. ग्रामीण डाक सेवकाची भरती निघते. तिला परीक्षा नाही, मुलाखत नाही. दहावीच्या गुणांवर यादी लागते, ती अधिकृत संकेतस्थळावर असते आणि नंतर कागदपत्रांची तपासणी होते. अर्जाचं शुल्क १०० रुपये, मुलींना तेही नाही. आता दहावीला ८१ टक्के मिळालेल्या मुलाला फोन येतो, 'तुमचं नाव वेटिंगला आहे, पंधरा हजार दिलेत तर वर घेतो.' त्याच्या गुणांवर त्याचं नाव लागणारच नसतं, किंवा आपोआप लागणार असतं. पंधरा हजारांनी यादी हलत नाही. पण त्याला वाटतं, सरकारी काम म्हणजे असंच चालत असणार. आपण मोठी माणसंच घरात दिवसभर बोलतो ना, 'पैसे चारल्याशिवाय काही होत नाही'? ते वाक्य पोरं ऐकत असतात. ठकाला फक्त त्याच्यावर बोट ठेवायचं असतं.

सरकारी भरती असेल तर मी पहिल्यांदा पत्त्याचा शेवट बघते. सरकारी संकेतस्थळं बहुतेक 'गव्ह डॉट इन' किंवा 'निक डॉट इन' वर संपतात. ठक काय करतात, 'गव्ह' हे अक्षर मधे कुठे तरी घुसवतात आणि शेवटी 'डॉट कॉम' किंवा 'डॉट ऑनलाईन' ठेवतात. म्हणून पत्ता डावीकडून वाचू नका, उजवीकडून वाचा. सगळ्याच सरकारी कंपन्यांचं तसं नसतं म्हणा. कोकण रेल्वेचं संकेतस्थळ 'कोकणरेल्वे डॉट कॉम' असं आहे आणि तेच खरं आहे. भरती निघाली की ती तिथेच जाहीर होते. प्रकल्पासाठी जमिनी गेलेल्यांना प्राधान्य असतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचाच आधार घेऊन 'प्रकल्पग्रस्त कोट्यातून लावून देतो' म्हणणारे फिरतात. तुमचा सातबारा आणि दाखला खरा असेल तर अर्ज तुम्हीच करा, मधला माणूस कशाला?

आणि व्हॉट्सॲपवर 'अर्जाचं ॲप' म्हणून एपीके फाईल आली तर ती उघडू नका. ती एकदा फोनमध्ये बसली की तुमचे ओटीपी तुमच्याआधी ते वाचतात.

---

धावपट्टी | मंगळवार, दुपारी १:१५

मी विमानतळावर काम करतो, कुठल्या ते नको. विमानतळाच्या आत जायचा पास नागरी विमान सुरक्षा ब्युरोच्या व्यवस्थेतून मिळतो. त्यासाठी अर्ज कंपनी करते, तोही नोकरीवर घेतल्यानंतर, आणि पोलीस पडताळणी होते. उमेदवाराकडून 'एंट्री पासाचे' पैसे मागितले की पुढे ऐकायचं नाही. विमान कंपन्या निवडीसाठी पैसे घेत नाहीत. ग्राउंड स्टाफच्या नावाने सगळ्यात जास्त फसवणूक चालते, कारण मुलांना आत नक्की कोणती कामं असतात तेच माहीत नसतं.

---

मालवणी_मुलूख | मंगळवार, दुपारी ३:४०

माझ्या चेडवाच्या मोबायलार असोच मेसेज इल्लो. घरबसल्या काम, हॉटेलांका पाच स्टार देवचे, एका स्टाराक पन्नास रुपये. पयल्या दिवशी दीडशे रुपये खात्यात जमा पण झाले! मगे तिका टेलिग्रामच्या ग्रुपात घातल्यानी. थंय सगळे सांगतत, माका इतके गावले, माका तितके गावले. ती सगळी त्यांचीच माणसा. मगे म्हणूक लागले, एक हजार भर, तेराशे गावतले. तेव गावले. मगे पाच हजार भर म्हणाले. ते काय परत इले नाय. 'तुमचा टास्क चुकला, बारा हजार भरल्याशिवाय आधीचे सुटाचे नाय.' तेव्हा तिना माका सांगल्यान, म्हणान थंयच थांबला.

---

खाडीपल्याड | मंगळवार, सायंकाळी ५:३०

मुलीने सांगितलं हे फार चांगलं झालं. पण ते दीडशे आणि तेराशे कुठून आले याचाही विचार करा. बहुधा ते दुसऱ्या कोणा फसलेल्याचे पैसे. त्याने तक्रार केली की साखळीतल्या खात्यांची चौकशी होते, आणि आपल्या मुलीचं खातंही गोठवलं जाऊ शकतं. म्हणून तिच्याही बाजूने तक्रार नोंदवून ठेवा.

याहून वाईट प्रकार म्हणजे 'तुमचं खातं वापरायला द्या, महिन्याला पाच हजार कमिशन'. याला 'अकाउंट हँडलर' किंवा 'पेमेंट एजंट' असं नोकरीचं नाव देतात. पासबुक, एटीएम कार्ड, सिमकार्ड मागतात. कृपया घरातल्या पोरांना बसवून सांगा, ही नोकरी नव्हे. चोरीचा पैसा तुमच्या नावावर फिरतो आणि पोलीस पहिले तुमच्या दारात येतात. बँकेत असताना अशी पोरं रडताना पाहिली आहेत.

यूपीआयचं एकच ध्यानात ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला, याचा अर्थ पैसे तुमच्याकडून जाणार.

---

नांगरवाला | मंगळवार, रात्री ९:००

मी रत्नागिरी तालुक्यातला, सतरा वर्षं बोटीवर. मर्चंट नेव्हीबद्दल लिहितो, कारण आपल्या किनाऱ्यावर ऑनलाईन फसवणुकीचं मोठं कुरण तेच आहे. फेसबुकवर 'डेक कॅडेट, ट्रेनी ओएस, फ्रेशर चालेल, शंभर टक्के जॉइनिंग' अशा जाहिराती दिसतात, त्यांतल्या बऱ्याच आपल्या पोरांसाठीच असतात.

भारतात खलाशांची भरती करायला केंद्र सरकारच्या जहाज वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजी शिपिंगचा परवाना लागतो. त्याला आरपीएसएल म्हणतात. २०१६ च्या नियमांनुसार तो असल्याशिवाय कोणी भरती करू शकत नाही. परवानाधारक कंपन्यांची यादी डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर उघडी आहे. कंपनीचं नाव, परवाना क्रमांक आणि पत्ता, तिन्ही जुळतात का बघा. ठक खऱ्या कंपनीचा क्रमांक चोरून स्वतःच्या जाहिरातीत टाकतात, म्हणून नुसता क्रमांक बघून चालत नाही. यादीतल्या कंपनीच्या कार्यालयात स्वतः फोन करून विचारा, 'अमुक माणूस तुमचा आहे का? ही जागा निघाली आहे का?'

आणि दुसरी गोष्ट ठळक अक्षरांत लिहून ठेवा. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घ्यायला मनाई आहे. हा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराचा, म्हणजे एमएलसी २००६ चा नियम आहे आणि भारताने तो स्वीकारलेला आहे. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं ओळख-पुस्तक) आणि ठरलेली वैद्यकीय तपासणी, एवढा खर्च खलाशाचा असू शकतो. व्हिसाचा खर्चही मालकाने करायचा.

---

बंदरवाट | मंगळवार, रात्री १०:१०

नांगरवाला, नियम ठीक आहेत. पण आमच्या गावात पैसे दिल्याशिवाय एकही पोरगा बोटीवर चढलेला नाही. माझ्या मेव्हण्याने साडेतीन लाख दिले, आज तो फिटर आहे, घर बांधलं. तुम्ही म्हणता तसं बसलो असतो तर तो आजही जाळी विणत असता. नियम सांगून पोरांची वाट अडवू नका.

---

नांगरवाला | मंगळवार, रात्री ११:२५

बंदरवाट, तुमचं खोटं नाही. हे चालतं, मला माहीत आहे. म्हणूनच जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या मेव्हण्याचं काम झालं, कारण तो मधला माणूस निदान खऱ्या कंपनीपर्यंत पोचत होता. पैसे घेणं तेव्हाही बेकायदाच होतं, पण बोट खरी होती. आज ऑनलाईन बसलेल्या माणसाकडे बोटच नसते. तुमच्या गावात 'पैसे द्यावे लागतात' हे सगळ्यांनी मान्य केलं असल्यामुळे, तो पैसे मागतो तेव्हा कोणाच्या मनात शंका येत नाही. उलट पैसे मागतोय म्हणजे काम पक्कं, असं वाटतं.

माझ्या ओळखीतला एक मुलगा, दापोलीकडचा. त्याला कोर्स करायच्या आधीच परदेशी सीडीसी काढून दिली, दीड लाख घेतले, आणि टुरिस्ट व्हिसावर आखातात पाठवला. तिथे एका जुन्या छोट्या बोटीवर चढवला. करार त्याला वाचता येत नव्हता. सात महिन्यांत दोनदा पगार मिळाला. बोटीवर पाणी मोजून प्यायचे. त्याचा वडील रोज मला फोन करायचा, कारण मालक कोण हेच कळत नव्हतं. भारतीय कागदांवर, परवान्याच्या कंपनीतून गेला असता तर धरायला कोणी तरी असतं. परवानाधारक कंपनीवर तक्रार होते, तिचा परवाना जाऊ शकतो. या मुलाच्या बाबतीत उरला होता फक्त बंद पडलेला एक मोबाईल नंबर.

पोरांनी आधी आयएनडीओएस क्रमांक (खलाशांच्या राष्ट्रीय नोंदीतला क्रमांक), मान्यताप्राप्त संस्थेतून एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणेचे मूलभूत कोर्स, मग सीडीसी, या क्रमाने जावं. संस्था मान्यताप्राप्त आहे का, तेही डीजी शिपिंगच्याच यादीत बघायचं. वेळ लागतो. पहिली बोट मिळायला वर्ष-दीड वर्ष गेलेली मुलं मी पाहिली आहेत. पण हीच वाट आहे.

---

बंदरवाट | बुधवार, सकाळी ६:५०

माझ्या पुतण्याला एकाने दोन लाख सांगितलेत. परवाना क्रमांक पण दिलाय. आज त्या कंपनीच्या कार्यालयात फोन करतो.

---

हर्णै_ते_दोहा | बुधवार, सकाळी १०:३०

अस्सलामु अलैकुम, नमस्कार. आमच्या दापोली-मंडणगड-खेडकडून तीन पिढ्या आखातात जातायत. पूर्वी मामा किंवा चुलता व्हिसा पाठवायचा, माणूस ओळखीचा असायचा. आता व्हिसा फेसबुकवर मिळतो, तिथेच घात होतो.

परदेशात नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणी आहे का ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाच मिनिटांत कळतं. नोंदणी नसलेल्या एजंटांची यादीही तिथेच आहे. एजंटाने घ्यायची फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी, त्याची पावती घ्यायची. लाख, दीड लाख मागणारा नियमात बसत नाही.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे 'उत्प्रवास तपासणी आवश्यक' असा शेरा असतो. अशांना आखातातल्या देशांसह एकूण १८ देशांत नोकरीसाठी जायला उत्प्रवास विभागाची मंजुरी लागते. ती कटकट वाटते म्हणून एजंट सांगतो, 'व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून देतो.' कृपया जाऊ नका. व्हिजिट व्हिसावर काम करणं बेकायदा. मालकाने पासपोर्ट काढून घेतला तरी तक्रार करायला माणूस घाबरतो. मंजुरी घेऊन गेलात तर प्रवासी भारतीय विमा योजनेचा दहा लाखांचा विमाही असतो, त्याचा हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये. कागद हातात असलेला माणूस आणि नसलेला माणूस, यांचं इथे काय होतं ते मी रोज पाहतो.

कॉम्प्युटर शिकलेल्या मुलांसाठी वेगळं सांगतो. 'थायलंडमध्ये डेटा एंट्री, डिजिटल मार्केटिंग, तिकीट आमचं' अशा जाहिराती आल्या तर सावध. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने याबद्दल जाहीर इशारा दिला होता. बँकॉकला उतरवून मुलांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेतात आणि तिथे कोंडून लोकांना ऑनलाईन फसवायचं काम करून घेतात. कंबोडिया आणि लाओसमधूनही अशाच मुलांची सुटका झाली आहे. तिकीट फुकट मिळतंय म्हणून खूश होऊ नका.

---

तुळशीकट्टा | बुधवार, दुपारी १२:१५

माझी मुलगी हॉटेल मॅनेजमेंट शिकली, सावंतवाडीला असतो. गोव्यातल्या एका रिसॉर्टच्या नावाने मेसेज आलाय. पैसे मागत नाहीत. पण पूर्ण उंचीचे चार फोटो, आधार-पॅनचे फोटो मागितलेत, आणि मुलाखत 'रविवारी संध्याकाळी सातला लॉजवर' म्हणतात. पैसे मागत नाहीत म्हणजे खरं समजायचं का?

---

घाटाखाली | बुधवार, दुपारी १:०५

पाठवू नका. मी लोट्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात भरतीचं काम बघते. पैसे न मागणारेही असतात, त्यांना कागद किंवा फोटो हवे असतात. तुमच्या आधार-पॅनवर सिमकार्ड निघतं, कर्ज उचललं जातं. फोटोंचं काय करतात ते सांगायला नको.

आम्ही कसं करतो ते सांगते. अर्जात फक्त नाव, शिक्षण, अनुभव, फोन, गाव. आधार क्रमांक, पॅन, बँक खातं आम्हाला निवड झाल्यावरच लागतं, पगार आणि पीएफसाठी. तेव्हाही उमेदवार कंपनीत समोर बसलेला असतो. बायोडेटावर जन्मतारीख, पूर्ण पत्ता, आधार क्रमांक छापायची पद्धत बंद करा. द्यायचंच झालं तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सवर 'फक्त अमुक कंपनीच्या मुलाखतीसाठी' आणि तारीख, असं आडवं लिहा.

रिसॉर्टचं म्हणाल तर मेसेजमधल्या नंबरवर फोन करू नका. रिसॉर्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा नंबर काढा, तिथे विचारा. मुलाखत रिसॉर्टमध्येच, दिवसा, आणि बरोबर घरचं कोणी तरी. खऱ्या मालकाला यात काहीच वावगं वाटत नाही. आमच्याकडे मुलींचे वडील येतात, बाहेरच्या बाकावर बसतात, आम्ही त्यांनाही चहा देतो.

---

तुळशीकट्टा | बुधवार, दुपारी ४:३०

फोन केला. रिसॉर्ट खरं आहे, पण त्यांची कुठलीच भरती चालू नाही. मुलगी शेजारी बसून ऐकत होती. देव बरं करो तुमचं.

---

कातळफूल | बुधवार, रात्री ८:२०

सड्यावरची, मी काल घाईने लिहिलं. तुमच्या भावाबद्दल तसं लिहायला नको होतं, माफ करा. आज माझ्या गावच्या ग्रुपवरचे मागचे मेसेज चाळले. तीन महिन्यांत अकरा जाहिराती. त्यांतली एक मीच पुढे पाठवली होती. तपासून बघितली, त्या नावाने केंद्रीय कंपनी नोंदणीत कंपनीच सापडत नाही. ग्रुपवर तसं लिहून टाकलंय आणि कोणी पैसे भरलेत का, तेही विचारलंय.

---

सड्यावरची | बुधवार, रात्री ९:१५

कातळफूल, मनापासून आभार. हेच मला हवं होतं.

आमच्या ग्रुपवर मी आणि काकांनी मिळून ठरवलंय. जाहिरात टाकणाऱ्याने आधी कंपनीच्या स्वतःच्या नंबरवर फोन करायचा आणि 'मी विचारलं, अमुक दिवशी, असं उत्तर मिळालं' हे त्याच मेसेजखाली लिहायचं. तेवढं लिहिलेलं नसेल तर ग्रुपचालक मेसेज काढून टाकणार. काकांनीच हे सुचवलं. त्यांना झोप लागत नाहीये. भाऊ त्यांना दोनदा जाऊन भेटून आला.

खाली भाऊच लिहितोय, माझ्याच खात्यावरून.

---

सड्यावरची | बुधवार, रात्री ९:४५

मी तोच. सगळं वाचलं.

चार वेळा पैसे का भरले, असं विचारलंय, म्हणून सांगतो. मेडिकलचे पैसे मागितले तेव्हाच मला शंका आली होती. मेडिकल कुठे, तर ती बाई म्हणाली जॉइनिंगला होईल. मग आत्ता पैसे का? हे मी विचारलं नाही. कारण तोवर आईने वाडीत साखर वाटली होती. मी 'नको' म्हटलं असतं तर साडेनऊशे गेलेच असते आणि सगळ्यांना तसं सांगावं लागलं असतं. पुढच्या वेळी ५,४५० गेले असते. दर वेळी थांबणं जास्त अवघड झालं. ती बाई पण दर वेळी म्हणायची, आजच सहा वाजेपर्यंत भरा, तुमच्या मागे दोघं आहेत. मोपाहून परत येताना एसटीत मी ठरवलं होतं की घरी सांगायचं. दारात आई उभी होती, मला सांगता आलं नाही.

घरच्यांना एकच सांगायचं आहे. पोराची नोकरी लागली म्हणून साखर वाटायची ती पहिल्या पगाराला वाटा.

आता मी ॲप्रेंटिसशिपसाठी अर्ज करतोय. सरकारी पोर्टल आहे, नोंदणी फुकट आहे, आयटीआय सरांनीच दाखवलं. विद्यावेतन कमी आहे पण कारखाना खरा आहे, मी सरांबरोबर जाऊन गेटपर्यंत बघून आलो. फॉर्ममध्ये बँक खातं आधारशी जोडलेलं मागतायत. माझं खातं चौकशीमुळे बंद पडलंय का तेही कळत नाही. काय करू?

---

खाडीपल्याड | बुधवार, रात्री १०:०५

बाळ, तू पैसे पाठवलेस, घेतले नाहीस, त्यामुळे तुझं खातं गोठवलेलं असायचं कारण दिसत नाही. उद्या पासबुक भरून घे आणि शाखेत विचार, 'खात्यावर लियन आहे का?' असाच शब्द वापर. लियन म्हणजे खात्यातली रक्कम अडकवून ठेवणं. असेल तर तक्रारीची पावती दाखव. आधार जोडणी तिथेच होईल.

---

वाशिष्ठी | बुधवार, रात्री १०:२०

बँकेचं झालं की माझ्याकडे ये, फॉर्म एकत्र बसून भरू. चिपळूण लांब पडत असेल तर तुमच्या राजापूरला माझ्या ओळखीचं केंद्र आहे, ताईंना निरोपात पत्ता पाठवते. दहावीची आणि आयटीआयची मूळ गुणपत्रिका, आधार, पासबुक, आणि तुझाच मोबाईल घेऊन ये, ओटीपी त्याच्यावर येणार आहे. तो मलाही सांगू नको, तूच टाईप कर.